वीस ग्रॅमच्या आत

आमच्या शाखा डाकघरात एक टेबल, एक काटा,
तारखेचा शिक्का आणि माझी चार तासांची नोकरी.
भिंतीपलीकडे अंगणवाडी,
तिथून खिचडीचा वास आधी येतो, गाणी मागून.

मंगळवारी बाजार उठतो.
बुधवारी पहाटे मैनाबाई कुमरे
ग्रामपंचायतीचा खराटा घेऊन निघते,
आणि अकराच्या सुमारास माझ्या काट्यावर
काहीतरी जाड ठेवते.
"हे जाते का जी, मास्तर?"

बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा.
त्यावर खर्र्याची पन्नी, धुतलेली,
इतकी चापून बसवलेली की तळं वाटावं.
काठानं गोळ्यांच्या पाकिटाची चांदी.
बियाण्याच्या पिशवीवरचं छापील बोंड,
त्याला देठ मात्र खऱ्या पऱ्हाटीचा.
आणि वर, आभाळात, एसटीचं तिकीट,
पुलगाव ते कुठं, ते पुसून गेलेलं.

मी म्हणालो, ही बांगडीची काच चालणार नाही,
शिक्का मारताना फुटते.
तिनं नखानं उचकटली.
खाली बाभळीच्या डिंकाचा डाग राहिला, बांगडीच्याच आकाराचा.
"आता तं जाईन?"
अठरा ग्रॅम.
गेलं.

पत्ता तिला झाडताना सापडला होता,
फाटक्या बिलबुकाच्या पानावर:
भाग्यवान निमगडे, टायर रिमोल्डिंग, सिंदेवाही.
ओळख ना पाळख.
"नाव गंज चांगलं होतं जी. कचऱ्यात कसं फेकू मंग?"

महिन्यानं सिंदेवाहीहून आला
ट्यूबच्या रबराचा मासा.
पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलेला,
डोळ्याच्या जागी वॉशर.
अक्षर एक नाही.
मैनाबाईनं तो हलकेच सोलला
आणि पुढच्या बुधवारी नव्या तळ्यात सोडून परत पाठवला.

असा तो मासा येत जात राहिला,
दर खेपेला थोडा वजनदार होत.
कधी तेंदूपानाचा कल्ला,
कधी शेपटीला सोयाबीनच्या पोत्याचा निळा धागा.
मलाही हळूहळू कळायला लागलं:
शिक्का तिकिटावरच मारायचा, हा नियम,
पण अर्धा खाली उतरला
तर चंद्र होतो.

मग पौषात एक कार्ड तसंच परत आलं.
लाल पेनानं:
दुकान बंद. पत्ता सोडून गेले.

चार दिवस ते माझ्या खणात होतं.
ती विचारायची, मी काट्याची धूळ पुसायचो.
पाचव्या दिवशी दार लोटून
मी त्या लाल अक्षरांवर कागद डकवला,
त्यावर थैलीच्या तोंडाची सुतळी, वेटोळी घालून,
आणि जुन्या लाखेचा एक कपचा.
बोटं कुठं ठेवावी कळत नव्हतं.
बावन्न वर्षांचा माणूस, घाम फुटला होता.

बुधवारी म्हणालो, सिंदेवाहीचं आलंय.
तिनं उलटंपालटं केलं. सुतळीवरून अंगठा फिरवला.
मग नाकाशी नेलं.
"डिंक हापिसातला व्हय," म्हणाली,
आणि खराटा उचलून गेली.

पुढच्या बुधवारचं कार्ड.
पत्त्याच्या जागी: मास्तर, डाकघर, हेच गाव.
मी म्हटलं, अहो, मग हातातच द्या की.
"तिकीट लावलं ना जी मी."

लावलं होतं.
म्हणून मी शिक्का मारला, थैलीत टाकलं,
प्रफुलच्या मोटरसायकलवरून ते पुलगावला गेलं,
तिथं एक रात्र राहिलं,
आणि गुरुवारी दुपारी दुसरा शिक्का घेऊन
त्याच टेबलावर परत आलं.

मासा आहे.
लाल अक्षरं तिनं माझ्या कागदाखालून सोडवून घेतलीत,
बारीक कातरून पाण्यावर गवतासारखी लावलीत,
काही वाचता येत नाही.
एकोणीस ग्रॅम. मी दोनदा मोजलं.
उजवा कोपरा रिकामा सोडलाय,
तळहाताएवढा.

खण उघडला, टेबलाखाली वाकून पाहिलं.
सगळं सरकारी.
बाजाराला अजून पाच दिवस आहेत.